वीस रुपयांत पुण्य, वर एक कुकी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हाउसिंग सोसायटीत पुनर्जन्म मिळतो आणि त्या जन्मात तो फक्त खजिनदार असतो. गणपतीची वर्गणी, टँकरचा हिशेब, लिफ्टच्या दुरुस्तीचा फंड, कोजागिरीचं दूध. जिथे जिथे रुपया एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथे मध्ये मला बसवतात. त्यामुळे गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमाला वॉशिंग मशीन घेऊन द्यायचं आणि त्यासाठी ‘बेक सेल’ करायचा, असं आमच्या महिला मंडळाने ठरवलं, तेव्हा गल्ल्यावर कोण बसणार हा विषय सभेपुढे आलाच नाही. मला फक्त वेळ कळवण्यात आली.

ज्यांच्या सोसायटीत हे लोण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या खर्चाने कुकी, केक, बिस्किटं भाजायची. ती पार्किंगमध्ये टेबलं टाकून मांडायची. मग सगळ्यांनी खाली उतरून ती एकमेकांना विकायची आणि जमलेला पैसा सत्कार्याला द्यायचा. आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये आणि इंग्रजी शाळांमध्ये हा प्रकार चांगला रुळला आहे. तिथून तो मुलांच्या दप्तरांतून आणि सुनांच्या लॅपटॉपच्या बॅगांतून वर आला, लिफ्टने.

सभेत मी आधी सरळ मार्ग सुचवून पाहिला होता. फ्लॅट 84. मशीन साधारण 25 हजारांचं. प्रत्येक घराने 300 रुपये काढले की 25,200 होतात. वरच्या 200 रुपयांचा चहा. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर, सभा समाप्त. यावर जी शांतता पसरली ती मी नोकरीत असताना ओळखीची होती. थकीत कर्जदाराला व्याजासकट आकडा सांगितला की ती पडते. शेवटी सेक्रेटरी, म्हणजे वयाने माझ्या मुलीएवढी आणि आवाजाने माझ्या मॅनेजरएवढी असलेली बाई, समजुतीच्या सुरात म्हणाली, “काका, नुसते पैसे कोण देतं?”

आणि ते खरंच आहे. वर्गणीसाठी बेल वाजवली की दार साखळीपुरतंच उघडतं. ‘हे घरी नाहीत’ असं सांगितलं जातं आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून ‘अरे, एलबीडब्ल्यू होता तो!’ असं ‘हे’ ओरडतात. तोच माणूस कुकी घ्यायला मात्र पायात चप्पल सरकवून खाली येतो, वीस रुपये मोजतो आणि समाजाचं देणं फेडल्याच्या तेजाने लिफ्टमध्ये परत शिरतो. मराठी माणूस दान करत नाही असं कोणी म्हणू नये. त्याला फक्त दान करताना रिकाम्या हाताने घरी जायला आवडत नाही. अंगारा, नारळाची वाटी, अंध मुलांनी केलेल्या मेणबत्त्या, शुभेच्छापत्रांचं पाकीट, काहीतरी हातात हवं. नाहीतर बायको विचारते, ‘इतका वेळ खाली काय करत होतात?’

हे दुखणं आपल्यापुरतं नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मस्कोगी नावाचं गाव आहे. तिथल्या गर्ल स्काउट मुलींच्या एका तुकडीने 1917 मध्ये घरी कुकी भाजल्या आणि शाळेच्या कॅफेटेरियात नेऊन विकल्या. पुढे 1922 च्या जुलैमध्ये या स्काउट मुलींच्या मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील या बाईंनी कुकीची पाककृती छापली आणि तिच्यासोबत हिशेबही दिला. सहा-सात डझन कुकींना साहित्याचा खर्च 26 ते 36 सेंट. विकायच्या 25 ते 30 सेंटला डझन. हे वाचून माझा बँकेतला ऊर भरून आला. म्हणजे अगदी हात आखडून धरला तरी लावलेल्या पैशाचे चौपट कुठे गेले नाहीत! आमच्या बँकेत असा प्रस्ताव आला असता तर मी तारण न घेता कर्ज मंजूर केलं असतं. एवढंच की त्या हिशेबात बाईंचे हात, चुलीचं जळण आणि नंतर घासलेली भांडी यांना एकही सेंट लावलेला नव्हता. ती प्रथा पुढे जगभर टिकली, त्याकडे नंतर येतो.

1934 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलींनी शहाणपणा केला आणि भाजण्याचं काम बेकरीवर सोपवलं. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा, लोणी मिळेनासं झालं तेव्हा 1944 मध्ये त्या मुलींनी कुकींऐवजी कॅलेंडरं विकली. हे मला फार पटलं. आपल्याकडे तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाककृती छापलेल्या असतात, म्हणजे एकाच कागदात दोन्ही कामं झाली असती आणि ओव्हनही लावावा लागला नसता.

पण आपल्याकडे पूर्वी निधी गोळा करणाऱ्यांनी खाऊचा आधार सहसा घेतला नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत मागत ‘पैसाफंड’ उभा केला आणि 1908 मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना काढला. एक पैसा दिल्यावर ‘सोबत काय?’ असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतून मूठ मूठ धान्य जमा व्हायचं. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईने ‘यातून काही गोडधोड येणार का परत?’ अशी चौकशी केली नाही. हा इतिहास मी सभेत जरा रंगवून सांगितला. सेक्रेटरी म्हणाली, “काका, तेव्हा लोकच वेगळे होते.” लोक हेच होते. दारात उभा राहून मागणारा माणूस वेगळा होता. पण हे मी बोललो नाही, कारण दारात उभं राहायचं काम लगेच माझ्याकडे आलं असतं.

मग तारीख. महिना डिसेंबर, म्हणजे आपला मार्गशीर्ष. गुरुवार बाद, कारण निम्म्या घरांत महालक्ष्मीचं व्रत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुती आणि शनी यांच्यात वाटलेला. शुक्रवारी काही घरांत आंबट चालत नाही. कुकी आंबट नसते, पण वाद नको म्हणून तोही सोडला. बुधवारावर कुठल्याच देवाने हक्क सांगितला नव्हता, पण बुधवारी ऑफिसं असतात. राहता राहिला रविवार. त्यावर डी विंगचा आक्षेप असा की रविवारी दुपारी लोक मटण खाऊन झोपतात. ‘उठल्यावर गोड लागतंच की!’ या सी विंगच्या युक्तिवादावर रविवार संध्याकाळ मंजूर झाली. आमच्या सोसायटीत इतका शुद्ध तर्क मी पार्किंगच्या भांडणातसुद्धा ऐकला नव्हता.

तारीख ठरली आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न पडला: ‘सगळं एगलेस आहे ना?’ विचारणारे गृहस्थ दर शनिवारी कोपऱ्यावरच्या गाडीवर डबल ऑम्लेट-पाव खातात. मी त्यांना पाहिलं आहे, त्यांनी मला पाहिलं आहे, आम्ही दोघांनी कधी त्याचा उल्लेख केलेला नाही. पण त्यांचा प्रश्न ढोंगी नव्हता. आपल्या लोकांचं अंड्याशी नातं असंच आहे. ते समोर, उघड, तव्यावर पसरलेलं असेल तर चालतं. आत लपलेलं असेल तर धर्म बुडतो. तेव्हा दोन टेबलं वेगळी, दोन चिमटे वेगळे, दोन टेबलांमध्ये एक हात अंतर असं ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, दुकानातल्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसा आपल्याकडेही पाहिजे. ए विंगच्या काकूंनी तत्काळ पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. हिरव्या टिकल्या निम्म्या डब्यांवरच संपल्या. उरलेल्या डब्यांवर त्यांनी मोरपंखी लावल्या. सेलच्या दिवशी लोक मला विचारत होते, “मोरपंखी म्हणजे व्हीगन का हो?” मी होकारार्थी मान हलवत होतो. विक्री वाढली.

दुसरी लाट प्रकृतीवाल्यांची आली. मैदा नको, पांढरी साखर नको, लोणी कमी, पाम तेल तर नकोच. नाचणी घ्या, ज्वारी घ्या, गूळ घ्या, खजूर घ्या. एका ताईंनी उपासाची राजगिऱ्याची कुकी सुचवली, म्हणजे वार कुठलाही असो, गिऱ्हाईक सुटणार नाही. यातल्या प्रत्येक सूचनेला ग्रुपवर अंगठे मिळाले. नाचणीला सर्वात जास्त. बी विंगच्या एका वहिनींनी तो जनादेश मानून नाचणी-गुळाच्या चांगल्या शंभरेक कुकी केल्या. संध्याकाळी मी गल्ल्यावरून पाहत होतो. अंगठे देणारी मंडळी एकेक करून नाचणीच्या ताटापुढे यायची, ‘वा, हेल्दी!’ म्हणायची आणि हात लांबवून पलीकडच्या चॉकलेट चिपच्या कुकी उचलायची. नाचणी ही आपल्याकडे दुसऱ्याने खायची गोष्ट आहे.

अध्यक्षांचा मुद्दा निराळाच होता. कुकी ही परकी, आपली ती नानकटाई. करायचीच तर नानकटाई करा. अध्यक्षांना सोसायटीत कुणी उलट उत्तर देत नाही, त्यांच्याकडे टेरेसची किल्ली असते. पण नानकटाई तरी आपली कुठे? ती सुरतेची. तिथल्या डचांच्या बेकरीचा वारसा दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आला आणि त्यांच्या भट्टीतून नानकटाई निघाली, असं सांगतात. महाराजांनी सुरत लुटली 1664 मध्ये आणि पुन्हा 1670 मध्ये; तेव्हा काही ती आली नाही. ती मागाहून, कुणाच्या ध्यानात न येता, पत्र्याच्या डब्यातून आली आणि आपल्या दिवाळीत जाऊन बसली. आता तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. चॉकलेट चिपची कुकी तर 1930 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाणावळीत रूथ वेकफिल्ड नावाच्या बाईंनी काढलेली. तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. दोन-तीन पिढ्या थांबा, तीही ‘आमच्या आजीच्या हातची’ होईल.

नानकटाईचा विषय निघाला आणि सोसायटीतली सगळी पन्नाशीच्या पुढची मंडळी हळवी झाली. कारण आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत घरून रवा, मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पुडी घेऊन आई आणि आम्ही पोरं बेकरीत जायचो. तिथे मोठ्या परातीत तळहाताने तूप फेसायचं, ते पांढरं हलकं झालं की साखर, मग पीठ. गोळे पत्र्यावर मांडायचे, वर चारोळी दाबायची आणि पत्रे भट्टीत. किलोवर भाजणावळ द्यायची. या सगळ्यात एका जाणत्या पोराची नेमणूक भट्टीच्या तोंडाशी असायची, कारण बेकरीवाला आपलं घरचं तूप काढून घेतो आणि डालडा घालतो, अशी प्रत्येक आईची खात्री होती. भर मे महिन्यात, भट्टीपुढे, अर्ध्या चड्डीत उभं राहून मी तुपावर पहारा दिला आहे. पुढे बँकेत कॅश विभागात काम करताना मला नवीन असं काही शिकावं लागलं नाही.

आता ओव्हन घरोघर आहेत. बरेचसे लग्नात किंवा दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये आलेले, आणि त्यांच्यात वर्षभर पापड, रिकामे डबे आणि हरवलेली गॅरंटी कार्डं असतात. शनिवारी रात्री ते सगळे एकदम रिकामे होऊन एकदम सुरू झाले. ओटीजी दीड-दोन हजार वॅट खातो. बाथरूममधला गिझरही तेवढाच. आठ वाजता बी विंगमध्ये एमसीबी पडायला लागले. जिन्यात टॉर्च घेतलेले पुरुष भेटायचे आणि ‘तुमच्याकडे काय, बटर का ड्रायफ्रूट?’ अशी विचारपूस व्हायची. ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून, वर ताटली ठेवून काम भागवलं. या कुकरच्या कुकी फार बऱ्या झाल्या होत्या. एकेका वेळी सहाच होत असल्याने त्यांच्यावर पोटच्या पोरासारखं लक्ष होतं.

ओव्हनवाल्यांची तऱ्हा वेगळी. कुकी गरम असताना मऊच असते, बाहेर काढून गार झाली की कडक होते, एवढी एक गोष्ट यूट्यूबवरच्या बाई शेवटी सांगतात आणि आपले लोक व्हिडिओ मध्येच बंद करतात. परिणामी काही घरांत ‘अजून मऊच आहे, अजून मऊच आहे’ करत 180 अंशांवर त्या इतका वेळ राहिल्या की बाहेर आल्यावर टेबलावर ठेवताना आवाज झाला. बी विंगमधल्या दंतवैद्यांनी त्यांची दोन पाकिटं घेतली. कशासाठी ते मी विचारलं नाही. दुसऱ्या एका घरी बेकिंग पावडर संपली म्हणून लिंबाचा इनो घातला गेला. ती कुकी मी खाल्ली. फुलली चांगली होती, आणि नंतर वेगळं काही घ्यावं लागलं नाही.

रविवारी पाच वाजता टेबलं लागली. मी कॅशबॉक्स, वही, क्यूआर कोडचा छापील कागद आणि 20-20 च्या सुट्ट्या नोटा घेऊन बसलो. भाव एकच, वीस रुपयांना एक. या भावावर आधीच्या दोन सभा खर्ची पडल्या होत्या.

पहिलं गिऱ्हाईक चव बघणारं असतं. ‘जरा तुकडा दाखवा’ म्हणत ते एका टोकाकडून निघतं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं जेवण झालेलं असतं. मग ते हात झटकून म्हणतं, ‘सगळंच छान आहे, काय घ्यावं कळत नाही,’ आणि काहीच न घेता जातं.

मग येतात वजनवाले. “एक वीसला? म्हणजे पाव किलो काय पडलं?” हे पुण्याच्या कँपात कयानी बेकरीसमोर सकाळी रांगेत उभे राहून श्रूजबेरी बिस्किटांचे डबे मुकाट्याने घेतात. तिथे भावाचा ब्र काढत नाहीत, कारण काढला तर मागचा माणूस पुढे सरकतो. इथे मात्र त्यांनी फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हिशेब केला, मला दाखवला आणि ‘बघा, महाग पडतंय’ म्हणाले. मी म्हटलं, “अहो, वृद्धाश्रमासाठी आहे.” ते म्हणाले, “तेच म्हणतोय. धर्मादाय आहे ना, मग स्वस्त नको का?” या वाक्याला अर्थशास्त्रात उत्तर नाही. मी घरी येऊन शोधलं.

तिसरे ऑनलाइनवाले. पार्किंगमध्ये रेंज नसते. माणूस फोन वर धरून रॅम्पपर्यंत जातो, तिथून ‘गेले, गेले!’ असं ओरडतो आणि तोपर्यंत त्याचा मुलगा दुसरी कुकी खातो. एकाने खात्री म्हणून आधी एक रुपया पाठवला. तो पोचल्याची खात्री झाल्यावर तो समाधानाने निघूनच गेला. वहीत तो रुपया आहे.

आणि मग आले 80जी. प्रत्येक सोसायटीत एक 80जी असतात. त्यांनी पाच कुकी घेतल्या, शंभर रुपये दिले आणि पावती मागितली, 80जी कलमाखालच्या करसवलतीची. मी त्यांना समजावलं की कुकी घेतलीत म्हणजे ही खरेदी झाली, देणगी नव्हे. सवलत हवी तर संस्थेला थेट द्या, त्यातही 2,000 च्या वरची रोख चालत नाही, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर त्या पावतीचा उपयोग फ्रेम करण्यापुरताच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग असं करा, कुकी परत घ्या आणि देणगी दाखवा.” तोवर त्यांनी त्यातल्या दोन खाल्ल्या होत्या.

पण सगळ्यात पाहण्यासारखे होते ते नवरे. कुठल्याही ताटात माल पडून राहिला की त्या ताटाच्या मालकीणबाईंचा चेहरा उतरू लागायचा, आणि थोड्याच वेळात त्यांचे यजमान निरागस चेहऱ्याने टेबलाजवळ प्रकट व्हायचे. “अरे वा, या कुणी केल्यात हो?” असं शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, एकदम दहा घ्यायचे आणि दोनशे रुपये मोजायचे. नोटा पाहिल्या की कळायचं, घरातल्या डब्यातल्या, चौघडी घातलेल्या. म्हणजे बायकोने दिलेल्या पैशांनी बायकोने केलेल्या कुकी विकत घेऊन नवरा घरी नेत होता, जिथून त्या तासाभरापूर्वी निघाल्या होत्या.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा सेल म्हणजे भिशी आहे. ए विंगच्या कुकी बी विंग घेते, बीच्या सी घेते, बाहेरचा माणूस फक्त एक, तो पार्सल द्यायला आला होता आणि त्याला वॉचमनने एक फुकट दिली. पैसा फिरतो, गोल फिरतो, आणि फिरताना वृद्धाश्रमाच्या डब्यात थोडा थोडा पडतो. वाईट काही नाही. फक्त पडतो कुणाच्या खिशातून, एवढं वहीत नीट दिसलं पाहिजे, असं माझं म्हणणं.

कारण ते दिसत नाही. मी रात्री एका घराचा हिशेब मांडून पाहिला. अर्धा किलो लोणी तीनशेच्या आसपास. चॉकलेट चिप, मैदा, दोन प्रकारची साखर, व्हॅनिला, बटर पेपर धरून खर्च 650. कुकी झाल्या 60. फुटल्या, चाखल्या गेल्या, मुलांनी पळवल्या त्या वजा जाता विकल्या गेल्या 45, म्हणजे डब्यात आले 900. शिवाय त्या बाईंनी शेजारधर्म म्हणून इतरांच्या टेबलावरून 350 रुपयांच्या कुकी घेतल्या. त्यांच्या घरातून एकूण हजार रुपये गेले, एक शनिवार गेला, आणि ओव्हनखालच्या ओट्यावर उमटलेला डाग अजून आहे. माझ्या वहीत त्यांच्या नावावर किती? 350. लोण्याचे पैसे कुठल्याच रकान्यात नाहीत. 1922 मध्ये निदान साहित्याचे 26 सेंट तरी मांडले होते. आम्ही तेही मांडले नाहीत.

मी आढावा बैठकीत सुचवलं की वहीत ‘साहित्य, देणगीदाखल’ असा रकाना घालावा आणि भाजणाऱ्यांची नावं त्यांच्या खर्चासकट लिहावीत. पुरुष सभासद म्हणाले, “कशाला? ते तर घरातलंच होतं.” घरातलं! म्हणजे लोणी जणू नळाला येतं. दुकानातून आणलेली वस्तू एकदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेली की आपल्याकडे तिची किंमत शून्य होते. बँकेत एवढा मोठा घसारा आम्ही फक्त कॉम्प्युटरवर लावायचो. ठराव नामंजूर झाला. बायकांनीही हात वर केले नाहीत. त्यांच्या हातांत त्या वेळी चहाचे ट्रे होते.

उरलेला माल वृद्धाश्रमात पाठवावा, अशी सूचना मात्र एकमताने मंजूर झाली. मी फोन केला. व्यवस्थापकबाईंनी फार नम्रपणे सांगितलं की इथे निम्म्यांना मधुमेह आहे आणि उरलेल्यांना कवळी. नानकटाई असेल तर पाठवा, ती तोंडात विरघळते, बाकी नको. नानकटाई पहिल्या अर्ध्या तासात संपली होती. उरल्या होत्या त्या नाचणीच्या आणि टेबलावर आवाज करणाऱ्या. नाचणीच्या वॉचमन मंडळींनी आवडीने खाल्ल्या. दुसऱ्या प्रकारच्या कुठे गेल्या ते दंतवैद्यांना ठाऊक असेल.

एकूण जमा 13,460 रुपये, त्यात तो एक रुपयाही आला, म्हणून वरचे मी माझ्या खिशातून घालून आकडा गोल केला. मशीनचं कोटेशन 24,500 चं होतं. मी हिशेब ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेली, टाळ्या वाजवणारी आणि केक हातात धरलेली चित्रं आली; 11,040 रुपये कमी आहेत, या ओळीबद्दल कुणी चित्र टाकलं नाही. सकाळी वॉचमनच्या हातून एक पाकीट आलं. आत वृद्धाश्रमाच्या संस्थेच्या नावाने 11,040 रुपयांचा चेक. सी विंगमधल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांचा. त्यांना मधुमेह आहे. सेलच्या दिवशी ते खाली उतरलेही नव्हते.

मशीन त्याच आठवड्यात पोचलं, सात किलोचं, वरून झाकण उघडणारं. संस्थेने आजोबांना 80जीची पावती रीतसर पाठवली. ते नव्या करप्रणालीत आहेत.